अमेरिकेतल्या कॉलेजांना वीस सर्टिफिकिटं लागत नाहीत

‘अमेरिकेत मार्कांना किंमत नाही, किमान वीस सर्टिफिकिटं जमवा,’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी मुलं उगाच दमतायत.

शेकडो कॉलेजं स्वीकारत असलेल्या ‘कॉमन ॲप’च्या अर्जात उपक्रमांसाठी जागाच मुळी 10. प्रत्येकाचं वर्णन फक्त 150 अक्षरांत, स्पेस धरून. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या अर्जात तर चारच. मग वीस लिहिणार कुठे? त्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदारी’ आणि ‘पगारी काम’ हेही रीतसर प्रकार आहेत. रोज संध्याकाळी आजीचं औषधपाणी बघणारी किंवा वडिलांच्या दुकानात बसणारी मुलगी ते बेलाशक लिहू शकते. दोन दिवसांच्या शिबिराच्या कागदापेक्षा ते कितीतरी खरं आहे!

मार्कांचं म्हणाल, तर नववी ते बारावीची गुणपत्रकं बारकाईने पाहिली जातात. शाळेत कोणते विषय उपलब्ध होते आणि त्यातले अवघड विषय घेतले का, हेही. सॅट किंवा एसीटी या प्रवेश-परीक्षांचा नियम मात्र सरसकट नाही. एमआयटीने 2022 मध्ये दोन्हीपैकी एक पुन्हा सक्तीची केली, कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी त्यांचे मार्क बघतच नाही. प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश-पानावर यंदाचा नियम वाचा.