कोर्सला फी भरण्याआधी लॉगबुक बघा

नर्स म्हणून नोंदणी झाली, वॉर्डात दोन-तीन वर्षं गेली, की प्रश्न येतोच: आता पुढे काय? क्रिटिकल केअर, डायलिसिस, ऑन्कोलॉजी, संसर्ग नियंत्रण, की सरळ एमएस्सी? माझं म्हणणं एवढंच, कोर्सचं नाव नंतर बघा. आधी विचारा, पेशंटजवळ देखरेखीखाली किती तास मिळणार आणि लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, सही कोण करतं, कधी करतं. सगळ्या सह्या शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने होत असतील, तर ते सर्टिफिकेट फ्रेम करायला छान.

बीएलएसचंच घ्या, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवायच्या प्राथमिक कोर्सचं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड २ वर्षं चालतं, हात मात्र काही महिन्यांतच विसरतो. छाती ५ ते ६ सेंमी दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते वेगळंच. दाबून झाल्यावर आपण छातीवर रेलून राहतो, छाती पूर्ण वर येत नाही, हृदयात रक्त भरत नाही. दर तीन महिन्यांनी, दाबाची खोली दाखवणाऱ्या मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) दहा मिनिटं काढा. आणि ईसीजीवर व्हीटी-व्हीएफ, म्हणजे हृदयाची जीवघेणी बिघडलेली लय, ओळखता येत नसेल, तर एसीएलएसची, म्हणजे बीएलएसच्या पुढच्या कोर्सची, घाई नको.

आयसीयूचा कोर्स चांगला की नाही, हे गणितावरून कळतं. रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रिनलिन ४ मिग्रॅ, ५० मिलीमध्ये. म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलोचा, डोस ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. तासाला ३६० मायक्रोग्रॅम, पंप ४.५ मिलीवर. आता पुढच्या शिफ्टने सिरिंज ८ मिग्रॅची भरली आणि पंप ४.५ वरच ठेवला, तर डोस दुप्पट. सूत्र कुणीही फळ्यावर लिहून देईल. सिरिंज बदलताना लेबल, पंप आणि चार्ट तिन्ही जुळवायची सवय बेडजवळ उभं राहूनच लागते.

वेबिनार वाईट नाहीत. नवी मार्गदर्शक तत्त्वं समजायला पुरतात. फक्त त्यांचे क्रेडिट तास आपली नर्सिंग कौन्सिल धरते का, हे आधी लेखी विचारा. नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी कळलं तर उपयोग नाही.

एमएस्सी शिकवण्यासाठी, संशोधनासाठी, प्रशासनासाठी जरूर करा. वॉर्डातच राहायचं असेल तर आधी स्पेशालिटी. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे तपासून उपचारही ठरवणारी नर्स, व्हायचं असेल तर अभ्यासक्रमाच्याही आधी कायदा वाचा: औषध लिहून द्यायची मुभा आहे का, कुठली औषधं, कुणाच्या देखरेखीखाली. ती मुभाच नसेल तर पदवी हातात येईल, काम जुनंच राहील.