तालमूडचं अर्धंच पान पुढे पाठवू नका

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. ज्यू लोक आपले ग्रंथ परक्यांना शिकवत नाहीत, तालमूड या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चांच्या ग्रंथात त्यासाठी मृत्युदंड सांगितलाय. मग त्यांच्या प्रौढांच्या अभ्यासवर्गांत ख्रिस्ती-मुसलमानांना बोलावतात ते एकतर धर्मांतरासाठी, नाहीतर निव्वळ देखावा म्हणून. यातलं बहुतेक सगळं चुकीचं आहे.

मृत्युदंडाचं वाक्य तालमूडमध्ये आहे, हे खरं. सनहेद्रिन या भागात 59व्या पानावर रब्बी योहानान यांचं मत नोंदवलंय: तोरा, म्हणजे ज्यूंचे पहिले पाच धर्मग्रंथ, अभ्यासणारा परधर्मीय मृत्युदंडाला पात्र. पण तालमूडमध्ये एकाचं मत आलं की दुसऱ्याचा आक्षेप येतोच. त्याच पानावर रब्बी मेईर म्हणतात की तोराचा अभ्यास करणारा परधर्मीय मुख्य याजकाच्या तोडीचा. आधार देतात तोरातल्याच लेवीय 18:5 या वचनाचा. आज्ञा पाळून जगेल तो 'मनुष्य', असं तिथे म्हटलंय. याजक, लेवी किंवा इस्राएली असं नाही. मेईर यांचं म्हणणं सर्व मानवांसाठीच्या सात आज्ञांपुरतं आहे, असं सांगून तालमूड दोन्ही मतांचा मेळ घालतं. पुढे 12व्या शतकात ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस यांनी ख्रिस्ती माणसाला तोरा शिकवायला मुभा दिली, कारण ख्रिस्ती तोच मूळ पाठ मानतात. मुसलमान तो पाठ मानत नाहीत म्हणून त्यांच्याबाबत नकार दिला. पटो न पटो, हा युक्तिवाद आहे, गुप्ततेची शपथ नव्हे. फिरणाऱ्या मजकुराने पहिलं वाक्य उचललं आणि पान मिटलं.

ग्रंथ लपवून ठेवतात म्हणावं, तर सेफारिया या संकेतस्थळावर हेच पान इंग्रजी भाषांतरासह कुणालाही फुकट वाचता येतं. आपल्याकडे बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, हिब्रू-मराठी हग्गादा (वल्हांडण सणाला वाचायचं पुस्तक) 1874 मध्ये पुण्यात छापली गेली.

धर्मांतराचा आरोप तर सगळ्यात पोकळ. ज्यू धर्म प्रचारक पाठवत नाही. स्वतःहून आलेल्यालाही रब्बींनी आधी परतवावं, अशी जुनी रीत आहे. तरीही तो ठाम राहिला तर दीर्घ अभ्यास आणि तिघांच्या धर्मन्यायालयाची संमती लागते.

देखाव्याचं म्हणाल तर 1990 च्या दशकात काय घडलं ते पाहा. काही ज्यू अभ्यासक आपले ग्रंथ एकत्र वाचत, वाद घालत बसायचे. डेव्हिड फोर्ड आणि डॅनियल हार्डी हे ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ तिथे ऐकायला जाऊ लागले. ज्यू तत्त्वज्ञ पीटर ऑक्स यांच्यासोबत त्यांनी तिन्ही धर्मांचे उतारे शेजारी ठेवून वाचायची पद्धत घडवली. लवकरच मुसलमान अभ्यासकही आले. एका विषयावरचे तनाख (ज्यूंचं बायबल), ख्रिस्ती नवा करार आणि कुराण यांतले छोटे उतारे घ्यायचे आणि ओळ न् ओळ प्रश्न विचारायचे. एकमत व्हावं ही अटच नाही. मतभेद उघड मांडायचे, हेच तर या बैठकीचं काम. देखावा करायचा असता तर शुभेच्छांची भाषणं पुरली असती.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो ज्यूंच्या आतून आलाय. रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी 1964 मध्ये लिहिलं की सामाजिक प्रश्नांवर इतर धर्मीयांसोबत जरूर काम करावं, पण श्रद्धेचा गाभा चर्चेला ठेवू नये. अनेक ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, ज्यू आजही हे मानतात. मला त्या भूमिकेबद्दल आदर आहे. पण समोर ग्रंथाची ओळ असते तेव्हा कुणाला आपली श्रद्धा सौद्याला लावावी लागत नाही, आणि म्हणूनच हे वर्ग मला योग्य वाटतात.