मॉर्फीच्या खोलीतले बूट

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी याच्याबद्दलचा एक मजकूर पुन्हा फिरतो आहे : 'बुद्धिबळाच्या नादाने वेडा झाला, बाथटबमध्ये मेला आणि भोवती बायकांचे बूट मांडलेले होते.' मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. परवा एका आईने हेच पाठवून विचारलं, "सर, याला क्लासला पाठवू ना?" म्हणून हे लिहितो आहे.

आधी बूट. या गोष्टीचं मूळ मॉर्फीच्या पुतणीने लिहिलेल्या पुस्तिकेत आहे. ती सांगते, काकाची खोली कायम नीटनेटकी असे. फक्त मधोमध डझनभर किंवा थोडे जास्तच बुटांचे जोड अर्धवर्तुळात मांडलेले. का, तर जो जोड घालायचा तो चटकन हाताशी यावा म्हणून! म्हणजे बूट त्याचेच, घालायचे, आणि खोलीतले. 'बायकांचे' हे पुढे कुणीतरी चिकटवलं, आणि न्हाणीघरात तर ते त्याहून नंतर पोचले.

मृत्यू न्हाणीघरात झाला, हे खरं. 10 जुलै 1884, न्यू ऑर्लिन्स. भर उन्हात फिरून आला, अंघोळीला गेला, तिथेच गेला. डॉक्टरांनी मेंदूत रक्त दाटल्याचं निदान केलं. वय 47.

आता वेड. तो आजारी होता, हे मी नाकारत नाही. पण तारखा बघा. 1857 मध्ये त्याने न्यूयॉर्कची स्पर्धा जिंकली, 1858 मध्ये पॅरिसला युरोपातल्या अव्वल खेळाडूला, अँडरसनला, 7-2 हरवलं (दोन डाव बरोबरीत), 1859 मध्ये घरी परतला आणि बाविसाव्या वर्षी मोठे सामने सोडले. त्याला वकिली करायची होती. मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध आलं. भ्रम ठळक झाले ते 1870 च्या दशकात, आणि ते पटाबद्दल नव्हतेच : मेहुण्याने वडिलांच्या इस्टेटीत आपल्याला फसवलं, हा त्याचा ध्यास होता. जो खेळ एवढी वर्षं मागे पडला होता, त्याच्या माथी हे कसं मारायचं?

त्या आईला मी 1858 चा पॅरिसच्या ऑपेरातला डाव पाठवला. समोर ड्यूक आणि काउंट मिळून खेळत होते. सोळाव्या चालीला मॉर्फी वजीर देतो, घोड्याला तो मारावाच लागतो, आणि सतराव्या चालीला उंटाच्या जोरावर हत्ती मात करतो. रविवारी तिचा मुलगा तोच डाव पटावर मांडून बसला होता.