प्लॉटर ऑफलाइन? उडवा ड्रायव्हर!

जत्रेच्या नाटकाचं पोस्टर संध्याकाळपर्यंत देवळापाशी लागायला हवं, गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकवून "जालें?" विचारतंय, आणि स्क्रीनवर छत्तीस इंची प्लॉटर, म्हणजे पोस्टर छापणारा मोठा प्रिंटर, 'ऑफलाइन' दिसतोय. अशा वेळी चौकशी कसली करता? ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्लॉटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, उडवा आणि पुन्हा टाका.

प्लॉटरच्या मागे वाकून मुळीच बघू नका. तिथे लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या वायरीच्या, सॉकेटजवळ बारीक दिवा असतो. तो विझलेला असेल तर वायर सैल आहे, तुटली आहे, नाहीतर नेटवर्कच्या वायरी जोडणारा 'स्विच' नावाचा डबा बंद आहे, आणि कुठलाही ड्रायव्हर तो पेटवत नाही. पण हे कळायला पाच सेकंद लागतात, ड्रायव्हर उतरवायला अर्धा तास. गिऱ्हाईकासमोर कामात दिसायचं तर अर्धा तासच बरा.

पावसाळ्यात तुमची विशेष चंगळ. वीज जाते, येते, पुन्हा जाते. यूपीएस कॉम्प्युटरला लावा. राउटर आणि स्विच भिंतीतल्या सॉकेटवरच राहू द्यात. वीज आली की राउटर प्लॉटरला कधीकधी नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) देतो, आणि विंडोज बिचारं जुन्याच पत्त्यावर पोस्टर पाठवत बसतं. प्लॉटरच्या पडद्यावर पत्ता 169.254ने सुरू होत असेल तर त्याला राउटर भेटलेलाच नाही. पण प्लॉटरच्या मेन्यूत नेटवर्कपर्यंत जाणार कोण? राउटरमध्ये प्लॉटरसाठी पत्ता राखून ठेवला तर हा खेळच संपेल. मग तुमच्या ओळखीचा तो कॉम्प्युटरवाला चहाला कशाच्या निमित्ताने येणार?

प्रिंटर जोडताना पोर्ट, म्हणजे काम पाठवायची वाट, कोणतं, हे विंडोजवर सोडा. ते हौसेने डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर आपोआप शोधणारं) निवडतं. ते आज चालतं, उद्या रुसतं. प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्समध्ये जाऊन 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' पोर्ट बनवायचं, त्यात प्लॉटरचा पत्ता, प्रोटोकॉल रॉ आणि 9100 हा आकडा भरायचा, असले उद्योग रिकामटेकड्यांचे. तिथेच 'एसएनएमपी स्टेटस' अशी एक खूण असते, नेटवर्कवरून प्लॉटरची हालहवाल विचारणारी. प्लॉटर त्या चौकशीला उत्तर देत नसला तर धडधाकट असूनही ऑफलाइन दिसतो. खूण राहू द्या, गूढ टिकतं.

यूएसबीवाल्यांनी केबल ड्रायव्हरच्या आधी जोडावी. विंडोज मग हाताला लागेल तो ड्रायव्हर चिकटवतं आणि यादीत ए0 हा पोस्टरचा मोठा आकार सापडत नाही. ए4वर पोस्टर काढून भिंग वाटा. केबल माळ्यावरून फिरवून दहा मीटर न्या. यूएसबी 2.0ची मर्यादा पाच मीटर असते, पण ती तुमच्या माळ्याला कुठे ठाऊक? दर वेळी सॉकेटही बदला, म्हणजे यादीत त्याच प्लॉटरची 'कॉपी 1' तयार होते. तुम्ही प्रिंट द्यायचं ते अर्थात जुन्यावरच.

अडकलेलं काम रद्द करूनही 'डिलीटिंग' म्हणत लटकलं, तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छापायच्या कामांची रांग सांभाळणारा) थांबवणं, सिस्टिम32मधल्या स्पूल फोल्डरच्या आत 'प्रिंटर्स' नावाचं फोल्डर आहे ते रिकामं करणं आणि स्पूलर पुन्हा सुरू करणं, हे दोन मिनिटांत होतं. म्हणूनच ते करू नका. त्याऐवजी प्रिंटचं बटण दाबत राहा, दहा वेळा तरी. प्रत्येक दाबणं रांगेत जमा होतं, वाया काही जात नाही.

मग कोणीतरी झाडू मारताना वायर नीट बसते आणि प्लॉटर जागा होतो. ए0 पोस्टरची लांबी 1189 मिलिमीटर, म्हणजे दहा प्रतींना जवळजवळ बारा मीटर कागद, 45 मीटरच्या रोलचा चौथा हिस्सा. शाई वेगळीच. गिऱ्हाईकाला हवं होतं एक. उरलेली नऊ देवळाच्या वाटेवर ओळीने लावा. नाटक एकच असलं तरी गावाला महोत्सव वाटेल.