चालत्या गाडीतला व्हिडिओ: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की गाडीसोबत येणाऱ्या कंपनीच्या स्क्रीनवर व्हिडिओ कसा आणायचा ते मी मागच्या पोस्टमध्ये सगळं सांगितलं पण गाडी चालू लागली की व्हिडिओ बंद करणारं लॉक कसं काढायचं ते गाळलं, हँडब्रेकची वायर ग्राउंड केली की फुकटात काम होतं, आणि बाजूच्या सीटवरच्या माणसाने बघितलं तर कोणाचं काय जातं. हो, ते मी ठरवूनच गाळलं आणि का ते सांगतो.

वायरची युक्ती बाहेरून बसवलेल्या स्टिरिओची आहे. त्याला पार्किंग ब्रेकची वेगळी वायर येते, ती बॉडीला जोडली की स्टिरिओला वाटतं हँडब्रेक ओढलेलाय. कंपनीच्या सिस्टिमला मात्र हल्ली बहुतेक गाड्यांत स्पीड कॅन बसवरून कळतो, म्हणजे एबीएस, मीटर, स्क्रीन हे सगळे ज्या वायरींवरून एकमेकांना माहिती देतात तिथून. त्याला फसवायचं तर मध्ये एक छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाकावं लागतं, जे स्क्रीनला सांगत राहतं की गाडी उभी आहे. मग व्हिडिओ चालतो खरा, पण स्पीडप्रमाणे आवाज आपोआप वाढायचा तो वाढत नाही, आणि गाडीचं स्वतःचं नेव्हिगेशन असेल तर भाताण नाहीतर कामशेतच्या बोगद्यात जीपीएस गेल्यावर ते चाकांच्या स्पीडवरून जागेचा अंदाज काढतं, तोही गेला. शिवाय वायरिंग सोलून जोड मारलेला दिसला की पुढे कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड झाला तरी सर्व्हिस सेंटर त्याच जोडाकडे बोट दाखवणार.

मी जो यूएसबीचा अँड्रॉइड बॉक्स (गाडीच्या यूएसबी पोर्टला लावायचं छोटं उपकरण) सुचवला तो काहीच कापत नाही. गाडीला वाटतं आयफोन जोडलाय, बॉक्स आपलं चित्र कारप्लेच्या, म्हणजे आयफोन गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या अ‍ॅपलच्या सोयीच्या, वाटेने पाठवतो, आणि ते मॅप आहे की सिनेमा हे गाडीला कळायला मार्ग नाही. म्हणूनच स्पीडचं लॉक इथे लागत नाही, हे तुमचं बरोबर आहे. पण मशीन अडवत नाही तिथे आपणच थांबायला हवं, म्हणून "गाडी उभी असतानाच" हे वाक्य मी ठळक टाकलं होतं आणि ते काढणार नाही.

आता बाजूच्या सीटचं. नेमकी हीच गोष्ट टेस्लाने करून बघितलीये. मधल्या स्क्रीनवर चालत्या गाडीत गेम खेळता यायचे, आधी हे फक्त पॅसेंजरसाठी आहे असं विचारायचं आणि सुरू. अमेरिकेच्या एनएचटीएसए या वाहन सुरक्षा संस्थेने डिसेंबर 2021 मध्ये सुमारे 5 लाख 80 हजार गाड्यांची चौकशी लावली आणि लगेचच टेस्लाने चालत्या गाडीत ते बंद करायचं मान्य केलं. कारण स्क्रीन मध्येच आहे, हलतं चित्र दिसलं की नजर जातेच, ड्रायव्हर कितीही शहाणा असो. एक्सप्रेसवेवर 100 च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते, दोन सेकंद नजर हटली की 55 मीटर रस्ता न बघता गेला, आणि आपल्याकडे तेवढ्यात पुढचा ट्रक इंडिकेटर न देता लेन बदलून मोकळा होतो. ह्याच एनएचटीएसएच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत एका नजरेची मर्यादा दोन सेकंदच धरलीये.

कायद्यात फक्त हातातल्या मोबाईलचं लिहिलंय म्हणालात. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये त्याचा उल्लेख आहेच, पण ते कलम मुळात धोकादायक ड्रायव्हिंगचं आहे, ते मोबाईलपुरतं नाही. ब्रिटनमध्ये तर 1986 च्या नियमांपासून ड्रायव्हरला दिसेल अशा स्क्रीनवर गाडीची, रस्त्याची माहिती किंवा तसलंच कामाचं सोडून काही दाखवता येत नाही.

उभ्या गाडीत मात्र बिनधास्त बघा, मी स्वतः त्याच बाजूचा आहे! इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावून अर्धा-पाऊण तास बसायचं तर स्क्रीन का रिकामी ठेवायची? अ‍ॅपलने 2025 मध्ये आयफोनच्या आयओएस 26 या सिस्टिमसोबत कारप्लेवर पार्क केलेल्या गाडीत व्हिडिओची सोय जाहीर केली, गूगलनेही त्याच वर्षी अँड्रॉइड ऑटोसाठी (अँड्रॉइड फोनची तशीच सोय) केली, फक्त गाडीच्या कंपनीने ती द्यायला हवी.

आणि मुलांसाठी हवं असेल, जे तुम्ही शेवटी लिहिलंय, तर पुढची स्क्रीन सोडाच. पुढच्या सीटच्या मागे टॅबलेट पक्क्या होल्डरमध्ये बसवा, नुसता अडकवू नका, जोरात ब्रेक लागला की तो सुटून तोंडावर येतो. व्हिडिओ घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा कारण घाटात रेंज जाते, आणि आवाज मुलांच्या हेडफोनमध्ये द्या. तुमचा बॉक्स सारखा रीस्टार्ट होतो ते बहुतेक करंट कमी पडतोय म्हणून. दोन टोकांची वाय केबल घ्या, एक टोक कारप्लेच्या पोर्टला, दुसरं 12 व्होल्टच्या चार्जरला.