गोगलगायीची आठवण खरंच टोचली का?

‘शास्त्रज्ञांनी एका गोगलगायीची आठवण काढून दुसरीला टोचली. स्मृती मेंदूतल्या जोडांत नसतेच हे सिद्ध झालं, आता माणसांची पाळी!’ हा संदेश २०१८ पासून फिरतो आहे. (जोड म्हणजे एक चेतापेशी दुसरीला संदेश देते ती जागा.)

प्रयोग खरा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत डेव्हिड ग्लान्झमन यांच्या गटाने अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायींच्या शेपटीला विजेचे सौम्य झटके दिले. मग नुसतं टोकरलं तरी त्या सुमारे ५० सेकंद आखडून राहत. झटके न बसलेल्या जेमतेम एक सेकंद. झटके बसलेल्यांचा आरएनए (पेशीत जनुकांचा निरोप वाहणारा रेणू) सात नव्या गोगलगायींना टोचला, तर त्याही सरासरी ४० सेकंद आखडल्या.

‘आठवण टोचली.’ नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसला हा सरसकट धसका. झटका कशाबरोबर आला, हे त्यात कुठेच नाही. नेमकं शिकणं अ‍ॅप्लिसियाला जमतं. केरू, हॉकिन्स आणि कँडेल यांनी १९८३ मध्ये तिच्या दोन जागी स्पर्श केला, पण झटका एकाच स्पर्शाला जोडला. पुढे ती त्याच स्पर्शाला जास्त जोरात आखडू लागली. हा भेद आरएनएबरोबर पोचतो का, हे २०१८ मध्ये तपासलेलंच नाही. खरी कसोटी ती आहे.

‘जोड निकामी ठरले.’ इथे तर पुरावा उलट्या बाजूला आहे. झटका बसला की सेरोटोनिन हे रसायन पाझरतं आणि स्पर्श टिपणारी संवेदी चेतापेशी पुढच्या पेशीकडे ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन जास्त सोडते. झटके पुन्हा पुन्हा बसले तर जनुकं कामाला लागतात, नवी प्रथिनं बनतात, नवे जोड उगवतात. बेली आणि चेन यांनी १९८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं, तर संवेदी पेशींच्या टोकांवरच्या जोडगाठी जवळपास दुप्पट झालेल्या. निरुपद्रवी स्पर्शाची सवय लावलेल्या प्राण्यांत त्या घटलेल्या. एरिक कँडेल यांना २००० चं नोबेल याच परंपरेतल्या कामासाठी मिळालं. स्मृती जोडांत नसते असं ग्लान्झमन स्वतः मानतात, आणि त्यांचं म्हणणं गंभीरपणे ऐकण्यासारखं आहे. पण त्यांनीच प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवर आरएनए टाकला, तर संवेदी पेशी जास्त उत्तेजनशील झाल्या, स्नायू हलवणाऱ्या चालक पेशी नाहीत. एवढ्यावरून जोड बाद होत नाहीत.

‘माणसांची पाळी.’ अ‍ॅप्लिसियात सुमारे २०,००० चेतापेशी, माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची काळजी घेणारी माणसं हा संदेश आशेने वाचतात, म्हणून तो जास्त खुपतो. त्यांना परत हवी असते ती मुलांची नावं, घराची वाट. तसली कुठलीही गोष्ट या प्रयोगात एका प्राण्यातून दुसऱ्यात गेलेली नाही.