सर्फॅक्टंट घातला की साचा तयार? इतकं सोपं नाही

नोट्समध्ये आणि व्हिडिओंमध्ये अतिसूक्ष्म छिद्रांची ऑक्साइडं बनवण्याची एक कृती सर्रास फिरते: पाण्यात सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) विरघळवा, मायसेलचा, म्हणजे त्याच्या रेणूंच्या पुंजक्यांचा, साचा आपोआप तयार होतो, त्याभोवती ऑक्साइड जमू द्या आणि साचा भट्टीत जाळून टाका. मागे हुबेहूब तशीच छिद्रं उरतात, आणि हे कुठल्याही धातूच्या ऑक्साइडला चालतं. या भरवशावर कुणाचे महिने वाया जाऊ नयेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘साचा आधीच तयार असतो.’ मोबिल या तेलकंपनीच्या संशोधकांनी 1992 मध्ये जाहीर केलेल्या एमसीएम-41 या सच्छिद्र सिलिकातही सहसा तसं नसतं. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीटॅब या धनभारित सर्फॅक्टंटचे मायसेल लिटरमागे साधारण 1 मिलिमोलला बनू लागतात, पण त्यांची षटकोनी द्रवस्फटिक (द्रव असूनही स्फटिकासारखी शिस्तबद्ध) रचना व्हायला वजनाने 25 टक्क्यांच्या आसपास सीटॅब लागतो. एमसीएम-41 त्याहून कितीतरी विरळ द्रावणात मिळतं. ऋणभारित सिलिकेट आणि धनभारित सर्फॅक्टंट एकमेकांना ओढतात आणि रचना दोघं मिळूनच घडवतात. आधी द्रवस्फटिक करून मग त्यात सिलिका घडवण्याची पद्धतही आहे, पण तिची कृती वेगळी.

‘कुठल्याही ऑक्साइडला चालतं.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. सिलिका सावकाश जुळते, तिला आवर घालता येतो. पण टायटॅनियाचा (टायटॅनियम ऑक्साइडचा) कच्चा माल असलेल्या टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडचा थेंब पाण्यात पडला की त्याच क्षणी पांढऱ्या गुठळ्या होतात. सर्फॅक्टंटला रचना धरायला वेळच मिळत नाही. म्हणूनच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरातल्या रसायनशास्त्रज्ञ स्टकी यांच्या गटाने 1998 मध्ये पाण्याचं द्रावणच टाळलं. इथेनॉलमध्ये पी123 हा पॉलिमर सर्फॅक्टंट आणि धातूचं क्लोराइड घेऊन ते उघड्या बशीत 40 अंशांवर अनेक दिवस जेल होऊ दिलं. टायटॅनिया, झिर्कोनिया, नायोबियम, टँटलम आणि टंगस्टन यांची सच्छिद्र ऑक्साइडं अशी मिळाली. म्हणजे इथे मुख्य काम सर्फॅक्टंट निवडण्याचं नाही, पाण्याला लगाम घालण्याचं आहे. प्रयोगशाळेतली आर्द्रता बदलली की निकाल बदलतो तो याचमुळे.

‘भट्टीत फक्त साचा जळतो.’ भिंतीही बदलतात. एमसीएम-41 च्या भिंती अस्फटिक राहतात. टायटॅनियात मात्र अ‍ॅनाटेज या त्याच्या स्फटिकरूपाचे कण वाढू लागतात, आणि कण भिंतीच्या जाडीपेक्षा मोठा झाला की भिंत ढासळते. क्ष-किरण आलेखात हे स्पष्ट दिसतं: अ‍ॅनाटेजचं 25.3 अंशांचं शिखर वर चढतं आणि लहान कोनातलं, छिद्रांच्या क्रमाचं शिखर पुसट होत जातं. त्यामुळे तापमान मिनिटाला अंशभर, असं हळू वाढवावं लागतं, आणि भाजल्यानंतरचा लहान कोनातला आलेख दाखवल्याशिवाय रचना टिकली असं म्हणू नये.

‘हुबेहूब छिद्रं.’ नाही. भाजताना जाळं आक्रसतं, छिद्रं लहान होतात.

यावर ‘मग एसबीए-15 चा कडक साचा घ्या’ असं ठरलेलं उत्तर येतं, म्हणजे या तयार सच्छिद्र सिलिकाच्या छिद्रांत ऑक्साइड भरा आणि मग सिलिका काढून टाका. कोबाल्ट ऑक्साइडला ते छान जमतं. पण सिलिका काढायला सोडियम हायड्रॉक्साइड लागतो, आणि झिंक ऑक्साइड त्यातच विरघळतं. तिथे कार्बनचा साचा घ्यावा लागतो, जो जाळून काढता येतो.